नारू तांडेलचा युरोप

तलासरीच्या आठवडे बाजारात सुकी मासळी घेऊन बसणारी भिकी मांगेलीण तोंडानं फटकळ, पण बातमीला पक्की. लडक्या उंबरसाडा तिच्याकडून बोंबील घेत होता, तेव्हा तराजूकडे बघत ती बोलून गेली, "तुझ्या तांडेलची बायको अजून कुंकू लावते रे. तेरा महिने झाले पेटी येऊन. अख्ख्या आळीनं समजावलं. ऐकते कुठं? म्हणते, पेटीवर नारायण लिहिलं होतं आणि माझा माणूस नारू. नारायण असेल कुणा दुसरीचा."

लडक्यानं पैसे दिले आणि बोंबील तिथंच ठेवून चालायला लागला. भिकीनं मागून हाक मारली तेव्हा परत आला. तिनं पिशवी हातात कोंबली आणि म्हणाली, "चार वर्षं तुरुंगात बसून डोकं तिथंच ठेवून आलास वाटतं." ती चेष्टेनं म्हणाली. पण चोराच्या मनात चांदणं असतं. लडक्याचा चेहरा पडला.

खोटं बोलताना माणसाला वाटतं, शब्द गेला नि विषय संपला. लडक्याच्या खोट्यात तर तीनच शब्द होते. तांडेलच्या पोरीनं, दक्षानं, वर्षापूर्वी फोन करून विचारलं होतं, "दादा, तिथं तुमच्या बराकीत कोणी नारायण होता का?" आणि हा म्हणाला होता, "मला ठाऊक नाय." नारायण कोण, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक पेटीतून आला होता. दुसरा तीन शब्द बोलून फोन ठेवून बसला होता, आणि तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला की फोन उपडा ठेवत होता.

आजवर त्यानं मनाची समजूत घातली होती ती अशी, की पेटी आली, जाळणं झालं, सगळ्यांना कळलं. आता आपण वेगळं काय सांगायचं? ती समजूत भिकीनं तराजूवरच मोडून टाकली. बाई वाट बघत होती. सांगावं, तर तिचा नवरा याच्या तोंडानं मरणार. शिवाय नारूचा नारायण कसा झाला हे सांगायचं, तर आपण कुणाच्या नावावर घरी आलो हेही सांगावं लागणार. आणि त्याच्याही तळाशी एक भीती होती, जी त्यानं स्वतःच्या आईलाही सांगितली नव्हती. आपण चुकीच्या नावावर सुटलो हे सरकारला कळलं, तर सरकार आपल्याला परत तिकडं पाठवील.

लडक्या वारली, तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. भातकापणी उरकली की तिथले तरणे गडी गुजरातच्या बंदरांत बोटींवर खलाशी म्हणून जातात, तसा बाविसाव्या वर्षी तोही गेला होता. ज्यानं ओढ्याच्या डोहापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, त्याला समुद्रात माणूस केलं ते नारू तांडेलनं. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, बोटीवरच्या सगळ्यांचा मोठा. नारू डहाणूच्या मांगेलआळीतला, पन्नाशीला टेकलेला, सातवी पास, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव न घेणारा. लडक्या पहिले चार दिवस ओकत होता, तेव्हा त्याच्या पाठीवरून हात फिरवत हा काय बोलला असेल? तर म्हणे, "इंग्रजांचा नेल्सन. एवढा मोठा दर्यावर्दी. त्यालापण बोट लागायची. तू कशाला लाजतोस?"

हे त्याला पुस्तकातून मिळालं होतं. दक्षा स्पर्धा परीक्षा देत होती. तिच्यासाठी त्यानं डहाणू रोड स्टेशनाबाहेरून युरोपच्या इतिहासाच्या पाचशे प्रश्नांचं पुस्तक घेतलं, आणि एक घ्यायच्या जागी दोन घेतली. एक पोरीला दिलं, एक बोटीवर नेलं. किनारा जवळ येऊन फोनला रेंज आली, की जाळं ओढायचं खलाशांवर सोडून हा पोरीला विचारायचा, "शंभर वर्षांचं युद्ध किती वर्षं चाललं?" पलीकडून ती म्हणायची, "एकशे सोळा." बाप खूश. म्हणायचा, "शिकलेल्या लोकांना पण मोजता येत नाय, बघा."

मग एका सकाळी पलीकडच्या देशाची गस्तीची बोट आली. पाण्याला कुंपण नसतं. मासळी जिकडं पळते तिकडं बोट जाते, आणि रेघ कुठं होती ते पकडल्यावर कळतं. बोटीवरचे सातही जण धरले गेले. पुस्तक तिथंच कागदांबरोबर जमा झालं, पण तोवर नारूला ते पाठ झालं होतं.

तुरुंगात पहिले सहा महिने माणूस दिवस मोजतो. पुढं मोजायचं सोडतो, कारण मोजून ते कमी होत नाहीत. त्या आजारावर नारूनं युरोपचा उतारा काढला. रोज सकाळी चहा झाला की एक प्रश्न. उत्तर लगेच द्यायचं नाही, दिवसभर बराकीत त्याचा खल करायचा आणि दिवेलागणीला नारू निकाल सांगणार. खलाशी कोण, तर सौराष्ट्राचे, वलसाडचे, पालघरचे. अर्ध्यांना युरोप कुठं आहे ते ठाऊक नाही. पण नेपोलियन बुटका होता की नव्हता, यावरून बराकीत एकदा दोन गट पडले आणि जेवणाच्या रांगेत शिव्याशाप झाले. निकाल देताना नारू म्हणाला, "माणूस बरोबर होता, माप वेगळं होतं. फ्रान्सचा इंच इंग्रजांच्या इंचाहून मोठा. कागदावर लिहिणाऱ्यानं घोळ केला आणि बिचारा जन्माचा बुटका झाला."

एकदा त्यानं विचारलं, "पंधराशे ब्याऐंशी साली पोपच्या मुलखात ऑक्टोबरच्या चार तारखेनंतर कुठली तारीख आली?" सगळे म्हणाले, पाच. "पंधरा," नारू म्हणाला. "पोपनं पंचांग नीट केलं आणि मधले दहा दिवस गिळले. लोक चार तारखेला झोपले ते पंधराला उठले." बराकीत सगळे बोटांवर मोजायला लागले. मग एक म्हातारा खलाशी म्हणाला, "त्या पोपला आमची वर्षं पण गिळायला सांग ना, तांडेल." सगळे हसले, आणि त्या हसण्यातच दोघातिघांना रडू आलं.

लडक्याच्या आवडीची गोष्ट वेगळी होती. लिक्टेनस्टाइन नावाचा युरोपातला एक टीचभर देश. हे नाव काही नारूच्या जिभेवर बसलं नाही. तो म्हणायचा लिखटणपाडा. "ऐंशी माणसांची फौज. देश कसला, पाडाच तो." अठराशे सहासष्ट साली ही ऐंशी माणसं मोहिमेवर गेली आणि परत आली ती एक्याऐंशी. मेलं कोणी नाही, उलट वाटेत एकाशी दोस्ती झाली, त्यालाही घेऊन आले, असं सांगतात. लडक्या ही गोष्ट पुन्हापुन्हा सांगायला लावायचा. युद्धाला जाऊन माणसं वाढून येतात, हे त्याला फार बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी सातातले पाच जण सुटले. नारू आणि लडक्या तेवढे राहिले, कारण कागदात त्या दोघांची नावं एकमेकांत अडकली होती.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी लडक्यानं डहाणूची एस.टी. पकडली. आईनं विचारलं, कुठं? म्हणाला, तांडेलच्या घरी. ती म्हणाली, "सतरा महिन्यांनी आठवण झाली होय." तिनं मडक्यातले वाल आणि घरच्या नागलीचं पीठ बांधून दिलं. खरं बोलायला निघालेल्या माणसाला रिकाम्या हातानं जायची सोय असती तर बरं झालं असतं. हातातलं बोचकं बघून त्याला आपण पाहुणा निघालोय असं वाटत होतं, आणि त्याचीच शरम येत होती.

मांगेलआळीत घर शोधावं लागलं नाही. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते आणि खाली बसून एक बाई पडलेले बोंबील वेचत होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हीच तांडेलची बायको, देवकी. लडक्यानं नाव सांगितलं तशी ती धडपडत उठली आणि तिनं हात पुसायच्या आतच त्याच्या गालावरून फिरवला. "लडक्या? माझ्या माणसाबरोबर होतास तो? दक्षा, अगं बाहेर ये. बघ कोण आलंय."

दक्षा दारात आली. ती आईसारखी आनंदली नाही. "दादा, मी नंतर तीन वेळा फोन केला. तुम्ही उचलला नाही," ती म्हणाली.

"पाड्यावर रेंज नसते," लडक्या म्हणाला. हे चौथं खोटं का पाचवं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

देवकीनं त्याला घरात नेलं, पाणी दिलं, चहा टाकला. आणि मग ती जे विचारत सुटली ते ऐकून लडक्याला बसवेना. तिच्या एकाही प्रश्नात "होता" नव्हतं. "भात खातो का रे तो तिथं? का नुसती रोटी देतात? थंडी पडली की खोकतो. छातीला तेल लावायला लागतं. तुझ्या मागं कोण लावत असेल?" नवरा चार घरं पलीकडे गेला असावा तशी ती बोलत होती.

"आई," दक्षा म्हणाली.

"तू गप. तुला काय? तू पेटीवर विश्वास ठेवलास. पेटी उघडून कोणी बघितली? पोलीस म्हणाले, उघडू नका, दीड महिना झालाय. वर काय लिहिलं होतं? नारायण, पालघर. पालघर केवढा मोठा. नारायण शंभर असतील." ती लडक्याकडे वळली. "आळीनं त्याला नारू म्हणून जाळलं. मी गेले नाय. परक्याच्या चितेला मी कशाला जाऊ? कचेरीत मयताच्या दाखल्याचा कागद अडलाय. ते म्हणतात, नारायण आणि नारू एकच असल्याचा पुरावा आणा. मी म्हणते, अडू दे."

चहा झाला. दक्षानं फळीवरून एक पुस्तक काढलं, कोपरे दुमडलेलं, पुठ्ठ्याला खाकी कागद चढवलेलं. लडक्यानं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या ओळखीचं पुस्तक म्हणजे नारूचा आवाज. "बाबा तिथं प्रश्न विचारायचे, असं सुटून आलेल्या एकानं सांगितलं होतं. खरं का?" तिनं विचारलं. तिचा आवाज तपासणीचा होता, आणि तिचं चुकत नव्हतं. ज्यानं फोन उचलला नाही त्याच्या शब्दाची पारख करायलाच हवी.

"रोज एक," लडक्या म्हणाला.

"मग सांगा. ऐंशी गेले, एक्याऐंशी आले. कोण?"

"लिखटणपाड्याची फौज."

दक्षाच्या हातातलं पुस्तक खाली आलं. देवकी तोंडाला पदर लावून हसली आणि म्हणाली, "लिखटणपाडा. फोनवर पण असंच म्हणायचा. ही किती वेळा सुधारायची, नाव नीट घ्या म्हणून. विचार अजून. तेवढंच त्याचं बोलणं ऐकू दे मला."

दक्षा विचारत गेली. आवाजातली तपासणी हळूहळू संपली. नेपोलियनचं माप झालं, पोपचे दहा दिवस झाले. "बॅस्टिलचा तुरुंग फोडला तेव्हा आत कैदी किती होते?" "सातच. लोकांना वाटलं शेकडो असतील. आमचा तांडेल म्हणायचा, आपली बोट तेवढी." देवकी प्रत्येक उत्तराला मान हलवत होती, आरती ऐकावी तशी.

दक्षानं पान उलटलं. "फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात मुखवटा घातलेला कैदी होता. मुखवटा कशाचा?"

"लोक म्हणतात लोखंडाचा. होता काळ्या मखमलीचा."

"किती वर्षं होता कैदेत?"

"चौतीस."

"मेल्यावर कुठल्या नावानं पुरला?"

लडक्याला उत्तर ठाऊक होतं. मार्शिओली. नारूनं हा प्रश्न शेवटच्या थंडीत विचारला होता, आणि निकाल सांगताना म्हणाला होता, की ते नाव त्याचं नव्हतंच बहुतेक. खरं नाव अजून वाद घालतात. तेव्हा लडक्यानं विचारलं होतं, "मग त्याच्या घरच्यांना कसं कळलं?" आणि नारू, ज्याला पाचशे उत्तरं पाठ होती, तो म्हणाला होता, "ते पुस्तकात नाय."

"येत नाही?" दक्षानं विचारलं.

लडक्यानं बोचकं पुढं ठेवलं होतं ते बाजूला सारलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता काही अर्थ नव्हता. तो देवकीकडे न बघता म्हणाला, "काकी, नारायण म्हणजे तांडेलच. पेटी त्याचीच होती."

देवकी हलली नाही. "तुला काय ठाऊक? तू तर आधी आलास."

"नारायण नाव त्यानं माझ्यासमोर लावून घेतलं."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं, अडखळत, मध्येच मागं जात. पकडल्या दिवशी तिथला मुन्शी एकेकाचं नाव लिहून घेत होता. याची पाळी आली. नाव? लडक्या. मुन्शी हसला. "लड़का तो दिख रहा है. नाम बता." हा पुन्हा म्हणाला, लडक्या. मुन्शी चिडला. तेव्हा आपल्याकडे कचेरीत सांगतात तसं यानं बापाच्या नावासकट सांगितलं, लडक्या नारू. बापाचं नाव नारू, वारल्यांतही हे नाव चालतं. मुन्शीला त्यातलं नावासारखं एकच काय ते ऐकू आलं, आणि त्यानं लिहिलं, नारू. रांगेत याच्या मागंच तांडेल उभा होता. त्याचंही नाव नारू. एक बोट, एक जिल्हा, दोन नारू. इकडून ओळख पटवायचे कागद गेले, त्यातले कुठले कोणाचे ते कळेना. म्हणून पाच सुटले आणि हे दोघे राहिले.

"चौथ्या वर्षी, सकाळीच, मुन्शी यादी घेऊन आला. म्हणाला, नारू, पालघर, एक. आम्ही दोघं उभे राहिलो. तो म्हणाला, एकच लिहिलाय, कोण ते ठरवा. तांडेलला तेव्हा खोकला होता. रक्त पडायचं. उभं राहायला त्यानं माझा खांदा धरला होता. तो मुन्शीला म्हणाला, साहब, नारू इसका नाम है. मेरा नाम नारायण. लोग प्यार से नारू बोलते. मुन्शीनं वहीत खोडलं आणि नारायण लिहिलं."

"आणि तू?" देवकीनं विचारलं.

"मी गप राहिलो."

"त्यानं सांगितलं असेल गप राहा म्हणून."

देवकीनं स्वतःच्या हातानं त्याला ही वाट काढून दिली होती. लडक्याला ती दिसली. सतरा महिने तो रोज रात्री त्याच वाटेनं झोपेपर्यंत जात होता. "सांगितलं त्यानं," तो म्हणाला. "मला म्हणाला, बोलू नको, जा. पण काकी, तो सांगायच्या आधीच मी गप होतो. मी तोंड उघडलं होतं. मग आई आठवली, आणि मी तोंड मिटलं. यादीतलं नाव माझं होतं की त्याचं, मला आजपण ठाऊक नाय. पण नारू खरं नाव त्याचंच होतं. ते घेऊन मी आलो."

वलांडीवर कावळे बसले होते. एरवी देवकीनं त्यांना हाकललं असतं. दक्षा भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंड गुडघ्यात घालून रडायला लागली. तेरा महिने तिला बाप मेला हे ठाऊक होतं. तरी तिला आज ते कळलं. देवकी रडली नाही. तिनं विचारलं, "छातीला तेल कोण लावायचं?"

"मी. मिळालं तेव्हा."

"आणि तू गेल्यावर दोन महिन्यांत तो गेला."

"हो."

ती उठली. मोरीवर जाऊन तिनं हातपाय धुतले, पातळ बदललं आणि फडताळातून कागदांची पिशवी काढली. "कचेरी उघडली असेल," ती म्हणाली. "चल. मला सांगितलंस तसं तिथं सांगायचं. त्यातलं काय गाळायचं नाय."

 जे दार लडक्या सतरा महिने चुकवत होता त्याच दारात ही बाई त्याला घेऊन निघाली होती, आणि नाही म्हणायचा त्याला हक्क नव्हता. तिघं रिक्षात बसली.

कचेरीतला कारकून माणूस बरा होता. त्यानं फाइल शोधली, धूळ झटकली, आणि लडक्या कोण ते ऐकल्यावर त्याला खुर्ची दिली. "सोपं आहे," तो म्हणाला. "नारायण आणि नारू ही एकच व्यक्ती आहे, मी ओळखत होतो. एवढं लिहू, तुम्ही सही करा. मावशी, पुढचं मी बघतो."

"त्यांनी नाव का बदललं, ते..." लडक्यानं सुरुवात केली.

"ते लागत नाही," कारकून म्हणाला.

लडक्याचा जीव भांड्यात पडला. लागत नाही. सरकारच म्हणतंय. एक सही, आणि घरी. आपल्याला किती बरं वाटलं हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

"लागतं," देवकी म्हणाली.

"मावशी, फॉर्ममध्ये त्याला जागा नाही. आणि खरं सांगू का, त्यानं ह्या पोराचंच नाव खराब होईल."

"त्याच्या नावाचं तो बघेल. माझ्या माणसाचं काय? कागदावर एवढंच राहिलं की नारूनं तिथं जाऊन खोटं नाव सांगितलं, तर उद्या लोक काय म्हणतील? काहीतरी भानगड केली असेल म्हणून नाव लपवलं. त्यानं कशासाठी सांगितलं ते त्या कागदावर पाहिजे. जागा नसेल तर मागं लिहा."

कारकुनानं दक्षाकडे बघितलं. दक्षा म्हणाली, "लिहा, साहेब."

त्यानं कोरा कागद ओढला. लडक्या खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "साहेब, मला परत पाठवतील का?"

"कुठं?"

"तिकडं. दुसऱ्याच्या नावावर सुटलो ना मी."

कारकुनानं पेन खाली ठेवलं.  "ह्या भीतीनं आला नव्हतास?"

"ती पण होती."

"नाही रे बाबा," तो म्हणाला. "कोणी पाठवत नाही. तू इथलाच आहेस."

त्यानंतर लडक्या बोलत गेला आणि कारकून लिहीत गेला. मुन्शी, वही, दोन नारू, यादी, खोकला. "मी तोंड उघडलं होतं, मग मिटलं," हे वाक्य आलं तेव्हा कारकुनाचा हात थांबला. त्यानं देवकीकडे बघितलं. तिनं मान हलवली. त्यानं तेही लिहिलं. मग सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारच्या टेबलावरचे लोक काम सोडून ऐकत होते. लडक्यानं सही केली.

"आता तुमची, मावशी," कारकून म्हणाला. अर्जावर छापलेलं होतं, मयताची पत्नी. देवकीनं ते बोट ठेवून वाचलं. "एक मिनिट," ती म्हणाली आणि बाहेर गेली. व्हरांड्यात पाण्याची टाकी होती. तिथं तिनं पदराचं टोक भिजवून कपाळ पुसलं, दोनदा, नीट. कोणाला बोलावलं नाही, कोणाला हात लावू दिला नाही. बांगड्या तशाच होत्या. त्या घरी गेल्यावर. आत येऊन तिनं सही केली.

बाहेर पायरीवर ऊन होतं. दक्षा रिक्षा बघायला पुढं गेली. देवकी उभी राहिली, तसा लडक्याही दोन पायऱ्या खाली थांबला. कपाळावर पुसलेल्या जागी कातडी लाल झाली होती.

"तू आला नसतास तर तो अजून जिवंत होता," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. ती आजच्या येण्याबद्दल बोलतेय की त्या सकाळी तिकडून निघून येण्याबद्दल, ते लडक्याला कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही. दोन्ही खरं होतं.

"हो, काकी," तो म्हणाला.

"आजपासून दिवस धरायचे. दहाव्याला ये."

"येतो."

तिनं मान हलवली आणि कागदांची पिशवी छातीशी धरून पायऱ्या उतरायला लागली.